भाषा मॉडेल खुले घ्यावे की विकतचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती: मराठीत काम करणाऱ्या लहान संस्थेने किंवा व्यक्तीने पैसे मोजून मोठ्या कंपनीचे भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारखा, मजकूर वाचून उत्तर लिहिणारा प्रोग्राम) वापरावे, की इंटरनेटवरून उतरवून घेता येणारे खुले मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवावे? त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सहकारी पतसंस्थेच्या अकरा शाखा आहेत. कर्जाचे अर्ज, तक्रारी आणि सभासदांची पत्रे मिळून दरमहा तीन हजारांच्या आसपास कागद येतात व ते बहुतेक मराठीत असतात. त्यांचा सारांश काढणे आणि उत्तराचा कच्चा मसुदा तयार करणे एवढेच काम यंत्राकडून हवे आहे. एक विक्रेता परदेशी कंपनीच्या मॉडेलवर आधारलेली सेवा वार्षिक वर्गणीने देऊ करतो. संचालक मंडळातील एका तरुण सदस्याचे म्हणणे असे की, खुले मॉडेल फुकट मिळत असताना पैसे कशाला घालवायचे? आम्ही काय करावे? (व्यवस्थापक, कऱ्हाड)

उत्तर : आपल्या पत्रात पैशांचा मुद्दा पुढे आहे, म्हणून आधी तोच पाहू. विकतची मॉडेले टोकनांच्या हिशेबाने पैसे घेतात. टोकन म्हणजे यंत्राने मजकुराचे केलेले लहान लहान तुकडे. एका कागदामागे सूचनांसह दोन हजार टोकन आत गेले आणि पाचशे टोकनांचे उत्तर बाहेर आले असे धरले, तर तीन हजार कागदांसाठी महिन्याला ६० लाख टोकन आत जातात व १५ लाख बाहेर येतात. ओपनएआय या कंपनीने जुलै २०२४ मध्ये जीपीटी-४ओ मिनी हे लहान मॉडेल बाजारात आणले, तेव्हा त्याचा दर दहा लाख टोकन आत जाण्यासाठी १५ सेंट आणि बाहेर येण्यासाठी ६० सेंट होता. त्या दराने आपले महिन्याचे काम दोन डॉलरच्या आत, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास झाले असते. मे २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या जीपीटी-४ओ मॉडेलच्या तेव्हाच्या दराने, म्हणजे दहा लाखांमागे अनुक्रमे ५ व १५ डॉलर या भावाने, तेच काम साडेबावन्न डॉलरला, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आसपास पडले असते. दर बदलत राहतात आणि करार करण्यापूर्वी ताजे दर पाहिलेच पाहिजेत. पण रकमेचा अंदाज येण्यासाठी एवढा हिशेब पुरतो. विक्रेत्याची वार्षिक वर्गणी याच्या अनेक पट असेल, तर उरलेले पैसे कोणत्या सेवेचे आहेत हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

आता फुकट मॉडेलचा हिशेब. मॉडेल फुकट असते, ते चालवणारे यंत्र फुकट नसते. मराठीत बऱ्यापैकी काम करणारे, उदाहरणार्थ २७ अब्ज पॅरामीटरचे (पॅरामीटर म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेला आकडा) मॉडेल, आकुंचित करूनही १५ ते २० जीबी जागा मागते, आणि त्यासाठी २४ जीबी स्मृती असलेले ग्राफिक्स कार्ड लागते. असे नवे कार्डच बरेचदा लाख रुपयांच्या वर जाते. ते पूर्ण भाराने ४५० वॅटपर्यंत वीज घेत असेल आणि दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चालले, तर फक्त कार्डाची वीज ९० युनिट होते. याशिवाय यूपीएस, थंड खोली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र बंद पडल्यावर ते पुन्हा उभे करणारा माणूस. आपल्या एवढ्या कामासाठी केवळ पैशांच्या कारणाने खुल्या मॉडेलकडे जाणे मला पटत नाही.

मग खुल्या मॉडेलचा विचार करायचाच कशासाठी? तर कागद कोणाच्या हातांतून जातो यासाठी. कर्जाच्या अर्जात अर्जदाराचे उत्पन्न, पॅन क्रमांक, सातबारा, जामीनदाराचे नाव व पत्ता, कधी घरातल्या आजारपणाची हकीकतही असते. सभासदाने ती माहिती आपल्या संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातही हाच विचार आहे: माहितीवरची प्रक्रिया बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतली, तरी कायद्याचे पालन करण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेकडेच राहते. विक्रेत्याशी केलेल्या करारात काहीही लिहिलेले असले, तरी ही जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक कार्यालयांत त्याची गल्लत होते. कोणीही उघडून वापरतो ती गप्पांची खिडकी वेगळी, आणि कराराने घेतलेली एपीआय सेवा, म्हणजे संस्थेच्या प्रोग्रामने मॉडेलशी थेट जोडून घेण्याची सोय, वेगळी. ओपनएआयने १ मार्च २०२३ पासून एपीआयवरून येणारा मजकूर, ग्राहकाने स्वतः परवानगी दिल्याशिवाय, मॉडेल शिकवण्यासाठी न वापरण्याचे धोरण ठेवले. वैयक्तिक खात्यावरच्या फुकट खिडकीत मात्र तसे नसते. तेथे आपला मजकूर शिकवणीसाठी वापरला जाणे वापरणाऱ्याने स्वतः जाऊन बंद करावे लागते. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या आतला प्रोग्राम चॅटजीपीटीत चिकटवल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. आपल्या अकरा शाखांतील एखाद्या कारकुनाने घाईत अर्जाचा फोटो आपल्या मोबाइलवरून अशा खिडकीत टाकला, तर तो कागद संस्थेच्या हातून निसटला असेच समजावे. म्हणून मॉडेल कोणतेही निवडा, शाखांना लेखी परिपत्रक आधी काढा.

माझा सल्ला असा. वार्षिक सभेची सूचना, विषयपत्रिका, परिपत्रके, ठेव योजनेची माहितीपत्रके अशा ज्या कागदांत कोणाची खाजगी माहिती नाही, त्यांच्यासाठी विकतचे मॉडेल एपीआय कराराने खुशाल वापरावे. कर्जाच्या फायली मात्र संस्थेच्या इमारतीतील यंत्रावर, खुल्या मॉडेलकडूनच वाचून घ्याव्यात. आणि ते यंत्र सांभाळणारा माणूस मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत त्या फायली माणसांनीच वाचाव्यात. यंत्र आपल्याच इमारतीत असले म्हणजे ते आपोआप सुरक्षित झाले असेही नाही. ते बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडे राहिले, तर खुल्या मॉडेलचा मुख्य फायदाच संपतो. कर्ज द्यावे की नाही, हा निर्णय कोणत्याही मॉडेलकडे देऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

निवड करण्याआधी परीक्षा घ्या, आणि ती आपल्याच कागदांवर घ्या. इंग्रजी परीक्षांतील गुणांचे तक्ते विक्रेता दाखवील. ते बाजूला ठेवा. जुने पन्नास अर्ज काढून त्यांतील नावे व क्रमांक बदला, दोन-तीन मॉडेलांकडून सारांश करून घ्या आणि कोणता सारांश कोणत्या मॉडेलचा हे न सांगता आपल्या तीन अनुभवी कर्मचाऱ्यांना तपासायला द्या. ‘पावणेदोन लाख’ म्हणजे १,७५,००० हे मॉडेलला कळते का? ‘सव्वा’, ‘दीड’, ‘साडेतीन’ याचे आकडे बरोबर येतात का? जामीनदार आणि सहकर्जदार यांची अदलाबदल होते का? अर्जात ‘वीस गुंठे’ आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर असेल, तर दोन्ही एकच जमीन आहे हे लक्षात येते का? हिंदीवर जास्त पोसलेली मॉडेले मराठी नपुंसकलिंगावर अडखळतात आणि ‘कर्ज मंजूर झाला’ असे लिहून मोकळी होतात. उत्तराच्या मसुद्यात अशी एक चूक दिसली, तरी सभासदाच्या मनातून संस्थेचा आदर उतरतो. पन्नास कागदांची ही परीक्षा एका आठवड्यात होते, आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगून जाते.

प्रश्न : आमची लहान प्रकाशन संस्था आहे. मुद्रितशोधनाला मदत म्हणून खुले मॉडेल वापरावे असे वाटते. पण एकजण म्हणतो मेटा कंपनीचे लामा हे मॉडेल ‘ओपन सोर्स’ आहे, दुसरा म्हणतो नाही. विक्रीच्या पुस्तकासाठी असे मॉडेल वापरले, तर पुढे कायद्याची अडचण येईल का? (प्रकाशक, पुणे)

उत्तर : दोघांचाही गोंधळ एका शब्दामुळे झाला आहे. संगणकाच्या क्षेत्रात ‘ओपन सोर्स’ म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता सर्वांसाठी उघडी, ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे देण्याची मुभा. भाषा मॉडेलात संहितेहून मोठी गोष्ट असते ती शिकून तयार झालेल्या अब्जावधी आकड्यांची फाइल, जिला वेट्स म्हणतात, आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे ज्या मजकुरावर ते शिकले तो मजकूर. आज ज्यांना सरसकट खुली मॉडेले म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेकांनी फक्त वेट्स दिलेले आहेत. पीठ हातात आले; त्याची भाकरी करा, थालीपीठ करा, कोणी अडवणार नाही. पण धान्य कोणत्या शेतातले आणि त्यात काय मिसळले होते, हे गिरणीवाल्याने सांगितलेले नाही. ‘ओपन सोर्स’ या संज्ञेची राखण करणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र व्याख्या जाहीर केली, आणि त्या व्याख्येत लामा बसत नाही. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने ओल्मो या मॉडेलबरोबर शिकवणीचा मजकूरही उघडा केला आहे, पण अशी उदाहरणे थोडी आहेत.

आपल्याला व्यवहारात पाहायचा आहे तो परवाना. मिस्ट्राल या फ्रेंच कंपनीचे सप्टेंबर २०२३ मधील ७ अब्जांचे मॉडेल आणि ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेली जीपीटी-ओएसएस ही दोन मॉडेले अपाचे २.० या परवान्याखाली आहेत. जानेवारी २०२५ मधील डीपसीक-आर१ हे चिनी मॉडेल एमआयटी परवान्याखाली आहे. या दोन्ही परवान्यांत व्यापारी वापराला मोकळीक आहे. मेटाच्या लामाचा परवाना कंपनीने स्वतः लिहिलेला आहे. त्यात वापराविषयी काही अटी आहेत, आणि महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यावी अशीही अट आहे. ही शेवटची अट आपल्याला लागू होण्याचा प्रश्न नाही. गूगलच्या जेम्मा-३ मॉडेलांना कंपनीच्या स्वतःच्या वापरअटी आहेत. पुस्तकाच्या मुद्रितशोधनासाठी यांपैकी कोणतेही मॉडेल वापरण्यास मला अडचण दिसत नाही. परवान्याची प्रत मात्र मॉडेल उतरवून घेतले त्या दिवशीच, तारखेसह, कार्यालयात जपून ठेवावी.

मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘फ्री’ हा एकच शब्द आहे आणि त्यावरून चाळीस वर्षे वाद चालला आहे. आपण तरी ‘फुकटचे मॉडेल’ म्हणण्याची सवय सोडावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आहे व गावात इंटरनेट वारंवार जाते. त्यावर एखादे मॉडेल चालेल का? (शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : चालेल, पण लहान. मॉडेलला किती जागा लागेल याचा हिशेब सोपा आहे: पॅरामीटरची संख्या गुणिले प्रत्येकाला लागणारी जागा. मूळ रूपात प्रत्येक पॅरामीटर दोन बाइट घेतो, म्हणजे ४ अब्जांच्या मॉडेलला ८ जीबी लागतात व आपला लॅपटॉप तेथेच भरतो. तेच मॉडेल चार बिटांपर्यंत आकुंचित केले, की अडीच-तीन जीबीत बसते. लामा.सीपीपी हा मॉडेल चालवणारा प्रोग्राम मार्च २०२३ मध्ये बल्गेरियातील जॉर्जी गेर्गानोव्ह यांनी नेमका साध्या संगणकांसाठी लिहायला घेतला, आणि त्याच पायावर उभे असलेले ओलामा हे साधन बसवायला सोपे आहे. एकदा फाइल उतरली, की इंटरनेट लागत नाही. जेम्मा-३ चे ४ अब्जांचे मॉडेल आपण करून पाहावे. उत्तर हळू येईल, शब्दामागून शब्द.

एवढ्या लहान मॉडेलला मराठी कळते, पण जगाची माहिती त्याच्याजवळ फार थोडी असते आणि नसलेली माहिती ते ठामपणे सांगते. इतिहासाच्या सनावळ्या किंवा विज्ञानाची व्याख्या त्याला विचारू नका. पाठातला उतारा आपण द्या आणि त्याच उताऱ्यावर दहा प्रश्न काढायला सांगा; त्यांतले सहा वापरण्याजोगे निघाले, तरी आपला अर्धा तास वाचला.

प्रश्न : मी इंग्रजी, मराठी आणि कोंकणी या भाषांत अनुवाद करतो. विकतच्या मॉडेलवर मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त पैसे पडतात असे ऐकले. हे खरे आहे का? आणि खुल्या मॉडेलांत अनुवादासाठी काही आहे का? (अनुवादक, फोंडा, गोवा)

उत्तर : खरे आहे, आणि काही वर्षांपूर्वी हा फरक अन्याय म्हणावा इतका मोठा होता. संगणकात रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. पण संगणकाच्या नोंदीत त्याची हलन्त व वेलांटीसह आठ चिन्हे, म्हणजे चोवीस बाइट होतात. मॉडेलच्या शब्दतुकड्यांचा कोश प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावरून बनवलेला असेल, तर त्यात मराठीचे सबंध शब्द नसतात आणि शब्दाची चिरफाड होते. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवा कोश आणला, तेव्हा स्वतःच दिलेल्या उदाहरणात एका मराठी मजकुराचे आधी ९६ टोकन होत होते, ते ३३ झाले. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराचे २७ होते, ते २४ झाले. म्हणजे त्या दिवसापर्यंत मराठी माणूस तेच वाक्य इंग्रजीच्या साडेतीन पट टोकनांना घेत होता. यात केवळ पैशांचा प्रश्न नाही. मॉडेल एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवू शकते याची मर्यादाही टोकनांतच मोजतात, म्हणून चिरफाड झालेल्या भाषेतला लांब लेख मॉडेलच्या लक्षात कमी राहतो.

खुल्या मॉडेलांतही हा फरक आहेच, आणि तेथे तो वेगाच्या रूपाने भोगावा लागतो. लामा-२ चा कोश ३२ हजार तुकड्यांचा होता, लामा-३ चा सव्वा लाखाहून मोठा झाला, जेम्माचा अडीच लाखांच्या पुढे आहे. कोश मोठा असेल, तर देवनागरीला त्यात जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. बेंगळुरूच्या सर्वम एआयने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वम-१ हे दोन अब्जांचे मॉडेल दिले, त्यात मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी कोश मुद्दाम घडवला होता. आपण निवड करण्यापूर्वी आपल्याच अनुवादाचे एक पान प्रत्येक मॉडेलच्या टोकन-मोजणीत घालून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

अनुवादासाठी गप्पा मारणारे मोठे मॉडेलच हवे असा समज आहे, तो सोडून द्यावा. आयआयटी मद्रासमधील एआय४भारत या गटाने २०२३ मध्ये इंडिकट्रान्स२ हे केवळ अनुवाद करणारे मॉडेल एमआयटी परवान्याखाली दिले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा त्यात आहेत, म्हणजे मराठीही आहे आणि १९९२ मध्ये अनुसूचीत आलेली कोंकणीही आहे. मोठे रूप सुमारे एक अब्ज पॅरामीटरचे आहे, लहान रूप वीस कोटींचे. साध्या संगणकावरही ते चालते. शासकीय पत्र, करारनामा, माहितीपत्रक अशा सरळ गद्याचा कच्चा अनुवाद त्याच्याकडून घ्यावा. कथा, ललितलेख, म्हणी व वाक्प्रचारांनी भरलेला मजकूर असेल, तर मोठी विकतची मॉडेले आजही सरस ठरतात असे माझे मत आहे. कोंकणीत मात्र मी कोणाच्याच मसुद्यावर भिस्त ठेवणार नाही. तेथे आपला कान हाच आधार.

प्रश्न : डीपसीक चिनी आहे म्हणून वापरू नये असे आमचे प्राध्यापक म्हणतात. पण माझा मित्र ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालवतो. त्याची माहिती चीनला जाते का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : डीपसीकचे ॲप किंवा संकेतस्थळ वापरले, तर लिहिलेला मजकूर चीनमधील सर्व्हरवर साठवला जातो, असे कंपनीच्या गोपनीयता धोरणातच म्हटले आहे. उतरवून घेतलेले वेट्स मात्र निव्वळ आकडे असतात. इंटरनेट बंद करून ते चालवले, तर माहिती जायला वाटच राहत नाही. धोका असतो तो फाइल कोठून घेतली यात. जुन्या पिकल प्रकारच्या फाइलींत घातक प्रोग्राम लपवता येतो. म्हणून सेफटेन्सर्स किंवा जीजीयूएफ प्रकारची फाइल, आणि तीही मूळ संस्थेच्या अधिकृत पानावरूनच घ्यावी.

आपल्या मित्राच्या लॅपटॉपवर जे आहे, ते बहुधा डीपसीक-आर१ नाहीच. मूळ आर१ ६७१ अब्ज पॅरामीटरचे आहे. ते घरच्या लॅपटॉपवर मावणे अशक्य आहे. कंपनीने त्याच्या उत्तरांवर शिकवलेली १.५ ते ७० अब्जांची लहान मॉडेले दिली, ती अलीबाबा कंपनीचे क्वेन आणि मेटाचे लामा या मॉडेलांच्या अंगावर चढवलेली आहेत. प्राध्यापकांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, ते असे की तिआनमेन चौकातील १९८९ च्या घटनांसारख्या विषयांवर ही मॉडेले टाळाटाळ करतात. ज्या देशात मॉडेल घडते, तेथली दडपणे त्यात उतरतात. गणिताच्या किंवा प्रोग्रामिंगच्या अभ्यासाला त्याची बाधा होत नाही. इतिहासाच्या टिपणाला होते.

प्रश्न : आमच्या वाङ्मय मंडळाने १९३० च्या दशकापासून चालवलेल्या नियतकालिकाचे अंक आमच्याकडे आहेत. ते सगळे मॉडेलला ‘शिकवून’ अभ्यासकांना प्रश्न विचारता यावेत अशी इच्छा आहे. यासाठी विकतचे मॉडेल घ्यावे की खुले? खर्च किती येईल? (मंडळाचे कार्यवाह, नाशिक)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. भीती अशी की, शिकवणे या शब्दामागे लागून मंडळाचे पैसे चुकीच्या कामात जातील. अभ्यासकाला विचारायचे असते ते हे: अमुक वादात कोणी काय लिहिले, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर? अंक शिकवलेले मॉडेल याचे उत्तर आठवणीतून देईल आणि पान क्रमांक कल्पनेने सांगेल. आपल्याला हवी आहे ती आधी शोध, मग उत्तर अशी रचना: प्रश्न आला की प्रथम अंकांच्या मजकुरातून जुळणारे उतारे शोधायचे, ते उतारे मॉडेलसमोर ठेवायचे, आणि त्यांच्याच आधाराने, अंक व पान देऊन उत्तर लिहायला सांगायचे. यात मॉडेल बदलता येते. आज विकतचे लावा, उद्या खुले लावा. अंकांचा कोश आपलाच राहतो. ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो, कारण ओपनएआयचे टेक्स्ट-दाविंची-००३ हे एके काळी सर्वत्र वापरले जाणारे मॉडेल ४ जानेवारी २०२४ रोजी बंद झाले आणि त्यावर उभारलेली कामे सर्वांना नव्याने जुळवावी लागली. वाङ्मय मंडळाचे काम पन्नास वर्षांच्या हिशेबाने व्हावे, कंपनीच्या वेळापत्रकाने नव्हे. खर्च कोणत्या मॉडेलने किती येतो, यापेक्षा अंक स्कॅन करणे आणि तपासणे यातच अधिक जाईल.

खरे कष्ट त्या आधीचे आहेत. खिळ्यांवर छापलेल्या जुन्या पानांचा मजकूर यंत्राने वाचून घ्यावा लागेल. टेसरॅक्ट हा खुला प्रोग्राम मराठी वाचतो. विकतच्या सेवा फिकट पानांवर काही वेळा अधिक अचूक ठरतात, आणि जुन्या छापील अंकात खाजगी माहितीचा प्रश्न सहसा नसल्यामुळे येथे विकतची सेवा घेण्यास माझी हरकत नाही. पण एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. आपले जुने अंक त्यापूर्वीचे, म्हणजे ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार जपणारे आहेत. भाषा मॉडेलला वाचलेला मजकूर नीट करायला दिला, की ते हे अनुस्वार चुका समजून पुसून टाकते, जुना शब्द बदलून आजचा घालते, आणि हे सारे न सांगता करते. खुली व विकतची दोन्ही हेच करतात. अधिक हुशार मॉडेल अधिक सफाईने करते. म्हणून वाचनातील दुरुस्ती माणसांकडून करून घ्यावी आणि मूळ पानांची चित्रे कायम ठेवावीत.

शिकवण्याची हौस अगदीच सोडावी असे मी म्हणत नाही. २०२१ मध्ये पुढे आलेल्या लोरा या पद्धतीने मॉडेलचा थोडासाच भाग बदलून त्याला विशिष्ट प्रकारच्या मजकुराची सवय लावता येते, आणि जुनी मराठी वाचून कळण्यासाठी ती उपयोगी पडू शकते. हे तुमच्या स्वतःच्या यंत्रावर, तुमच्या मर्जीने करता येते ते खुल्या वेट्सवर. माझा खुल्या मॉडेलांकडे ओढा आहे तो याच कारणाने, आणि तो मी लपवत नाही. पुण्यातील एल३क्यूब या गटाने मराठी मजकुराचा संग्रह आणि महाबर्टसारखी मॉडेले उघड्यावर ठेवली, २०२२ मध्ये जगभरातील संशोधकांनी मिळून केलेल्या ब्लूम या मॉडेलात मराठीला जागा मिळाली, एआय४भारतचे काम वर आलेच आहे. हे सर्व शक्य झाले ते पूर्वीच्या कोणीतरी आपले काम उघडे ठेवले म्हणून. मराठी शिकवण्यात किती कष्ट घालायचे हे परदेशातील कंपनी आपल्या बाजारपेठेच्या हिशेबाने ठरवील; त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. आपल्या नव्वद वर्षांच्या अंकांतील मराठी मात्र आपल्यावाचून कोणीही यंत्रापुढे ठेवणार नाही.

एक कायदेशीर बाब. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. नियतकालिक मंडळाचे असले, तरी प्रत्येक लेखाचा हक्क मंडळाकडे आलेलाच असतो असे नाही. म्हणून सुरुवात सर्वांत जुन्या दहा अंकांपासून करावी. लेखकांची यादी करून प्रत्येकाच्या नावासमोर मृत्यूचे वर्ष लिहावे, ज्यांचा हक्क अजून चालू आहे त्यांच्या वारसांना पत्र पाठवावे, आणि त्या पत्रात अंक लोकांना वाचायला देण्याची परवानगी व मॉडेलला शिकवण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत मागाव्यात, म्हणजे वारसांना एकीला होकार आणि दुसरीला नकार देता येईल.